घंटा राहू द्या, हकिकत पुरी सांगा

मे महिन्यातल्या एका रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, आटोपून घरी आले, तर शाळेच्या ग्रूपवर एकशेचाळीस मेसेज पडले होते. आमचा ठाण्यातला दहावीचा वर्ग. निम्मी मंडळी अजून नौपाडा, चरई, पाचपाखाडी, घोडबंदर रोड इथंच आहेत, बाकीची दुबई, टोरोंटो, पुण्याला पांगली, आणि मी एकटी पोलंडमध्ये, ग्दान्स्कला. कुणीतरी चिमाजी अप्पांचं चित्र टाकलं होतं. १६ मे १७३९, पोर्तुगिजांनी वसई मराठ्यांच्या हवाली केली तो दिवस. नुसत्या चित्राला मीही हात जोडले असते. पण खाली ओळ होती: ‘फिरंगी गेले, त्यांची पिल्लं मात्र मागं राहिली.’ वर्गात आम्ही सात-आठ कॅथलिक होतो. ती ओळ ज्यानं टाकली त्याच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी मी पाच वर्षं खाल्ली आहे, आणि माझ्या डब्यातल्या नाताळच्या करंज्या त्यानं.

संध्याकाळपर्यंत त्या ओळीचा स्क्रीनशॉट आमच्या घरच्या ग्रूपवर पोचला. माझा भाचा बावीस वर्षांचा आहे. त्यानं लिहिलं, ‘मग आमच्या घंटा परत द्या.’ दुसऱ्या दिवशी त्यानं अर्जच तयार केला, सह्या गोळा करायला. मला फोन आला: ‘आत्या, तू युरोपात आहेस, तुझी सही पहिली हवी.’ मी सही केली नाही. तो अजून रुसलेला आहे. फोनवर त्याला नीट सांगता आलं नाही म्हणून हे लिहिते आहे. त्याच्यासाठी, आणि ती ओळ टाकणाऱ्या माझ्या वर्गमित्रासाठीही.

घंटांची गोष्ट अशी. वसईची मोहीम फत्ते झाल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी विजयाची खूण म्हणून घाटावर नेल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकला पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ आहे, तिथली घंटा सगळ्यांना ठाऊक असते. तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकराला एक आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागं कृष्णेच्या घाटावर एक आहे, तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेची आकृती ओतलेली आहे. सातवीत असताना पप्पांनी मला ती दाखवायला नेलं होतं. त्यांनी घंटेखाली उभं राहून क्रूसाची खूण केली, मग चपला काढून शेजारच्या देवळासमोर हात जोडले. परतीच्या एसटीत मी विचारलं, ‘पप्पा, ही आपली घंटा का?’ ते म्हणाले, ‘होती.’ एवढंच. ते रागानं म्हणाले की दुःखानं, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, दोन्ही नव्हतं. एक वस्तू कुठून कुठं आली हे मुलीला माहीत असावं, इतकंच त्यांच्या मनात असणार.

आम्ही ईस्ट इंडियन. हे नाव १८८७ सालचं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीचं. मुंबईत नोकरीधंद्याला आलेल्या गोव्याच्या आणि मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांपासून वेगळं दिसावं म्हणून आमच्या वाडवडिलांनी ते घेतलं. त्याआधी आम्ही नुसते इथले होतो: कोळी, भंडारी, कुणबी, वसईकडं सामवेदी. घरात मराठी, ओव्या मराठी, ऑक्टोबरात आगेराला नवं भात चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेणं हे शेतकऱ्याचंच काम, लग्नात उंबराचं पाणी. आजी चर्चला ‘देऊळ’च म्हणायची. फिरंग्यांची पिल्लं आम्ही नव्हतो. फिरंग्यांची रयत होतो.

पण इथंच मी भाच्याला अडवते. रयत होतो ती कोणत्या राज्याची, तेही सांगायला हवं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी साष्टी-वसईत देवळं पाडली. बाप मेलेली हिंदू मुलं चर्चच्या ताब्यात देऊन त्यांना बाप्तिस्मा द्यायचा, असा कायदा केला. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्म-न्यायालय, १५६० ला सुरू झालं आणि त्याचा हात वसईपर्यंत पोचत होता. काहींनी श्रद्धेनं धर्म घेतला, काहींनी जमीन राखायला, काहींनी भीतीनं. माझा पूर्वज यांतला कोणता, याचा कागद कुणाकडं नाही, आणि माझी श्रद्धा त्या कागदावर उभी नाही. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांकडं गेले ते या जाचाची फिर्याद घेऊन. १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं तेव्हा किल्ला अजून पुरता बांधूनही झाला नव्हता. त्याच किल्ल्यात पुढं इंग्रजांनी तुरुंग केला, आणि आजही तिथं तुरुंगच आहे. आपण वर्षानुवर्षं त्याच्या भिंतीवरून जातो.

आणि आता वर्गमित्राला अडवते. वसई पडली तेव्हा चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांना शस्त्रांसह, मानानं बाहेर पडू दिलं, आणि मागं राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मुभा तहात लिहून दिली. मोहिमेत मराठ्यांचे हजारो लोक पडले होते. वज्रेश्वरीला नवस बोलला गेला होता, तो पुढं देऊळ बांधून फेडला. इतकं रक्त सांडल्यावर, सूड हातात असताना, ज्यानं तहाच्या कागदावर दुसऱ्याच्या प्रार्थनेला जागा ठेवली, त्याच्या चित्राखाली ‘पिल्लं’ लिहिणं हा त्या माणसाचाच अपमान आहे. आम्ही मागं राहिलो ते त्याच्या शब्दावर राहिलो.

हे सगळं मला ठाण्यात असताना इतकं स्पष्ट दिसत नव्हतं. तिथं आम्ही संख्येनं इतके थोडे, की स्वतःच्या धर्माच्या चुका मोठ्यानं बोलणं म्हणजे घरातला दिवा विझवल्यासारखं वाटायचं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्कासुद्धा नाहीत, ०.९६ टक्के. ग्दान्स्कला येऊन पहिल्यांदा मी बहुसंख्य झाले. म्हणजे मी नव्हे, माझा धर्म. कातडीनं मी इथं परकीच आहे. एकदा लोकल गाडीत एकानं मला ‘आपल्या देशात जा’ म्हटलं, तेव्हा माझ्या गळ्यातला क्रूस त्याला दिसला नाही. पण रस्त्यावरच्या प्रत्येक वळणावर माझी मरियामाता, सरकारी कचेऱ्यांत क्रूस, शाळेत धर्माचा तास, संसदेच्या सभागृहात १९९७ पासून क्रूस. पहिलं वर्ष मी या सुखात नुसती पोहत होते.

मग संग्रहालयाचं भांडण पाहिलं.

ग्दान्स्क म्हणजे जिथं १ सप्टेंबर १९३९ ला वेस्टरप्लाटेवर तोफा डागून जर्मनीनं महायुद्ध सुरू केलं ते गाव. तिथं २३ मार्च २०१७ ला दुसऱ्या महायुद्धाचं मोठं संग्रहालय उघडलं. मी पहिल्याच महिन्यात गेले. त्याची मांडणी सामान्य माणसांच्या हालांवर होती, पोलिश, ज्यू, रशियन, सगळ्यांच्या. तेव्हाच्या सरकारला ते पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं: आमचा पराक्रम कुठं आहे, आमचे धर्मवीर कुठं आहेत, जगाचं दुःख दाखवताना पोलंड पातळ झाला. उद्घाटनाला दोन आठवडे होतात न होतात तोच संस्थापक संचालक पावेउ मख्त्सेविच यांना दूर केलं गेलं आणि तिथं करोल नव्रोत्स्की नावाचे तरुण इतिहासकार आले. शेवटची चित्रफीत बदलली, काही दालनांत भर पडली, जुने इतिहासकार कोर्टात गेले. नव्रोत्स्की पुढं राष्ट्रीय स्मृती संस्थेचे प्रमुख झाले, आणि १ जून २०२५ ला ५०.८९ टक्के मतं घेऊन देशाचे राष्ट्राध्यक्ष.

मधल्या काळात सरकार बदललं होतं. जून २०२४ मध्ये संग्रहालयाच्या नव्या व्यवस्थापनानं आधीच्यांनी घातलेली भर काढली. त्यात माक्सिमिलियन कोल्बे होते, औश्वित्झच्या छावणीत मुद्दाम शिरलेले पिलेत्स्की होते, उल्मा कुटुंब होतं. गदारोळ उठला, आणि ती दालनं परत आली. दोन्ही बाजूंनी एकच केलं: कात्री हातात आली, लावली.

कोल्बे म्हणजे औश्वित्झच्या छावणीत दुसऱ्या कैद्याच्या जागी मरण पत्करलेले फ्रान्सिस्कन धर्मगुरू, १४ ऑगस्ट १९४१. मला त्यांच्याबद्दल आणखी एक धागा आहे. १९३० ते १९३६ ते जपानात नागासाकीला होते, तिथं त्यांनी मठ उभारला. त्याच नागासाकीत ५ फेब्रुवारी १५९७ ला आमच्या वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियांना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारलं होतं. लहानपणापासून ज्या संताची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, म्हटली, तो जिथं मारला गेला त्या गावी राहून आलेला माणूस मला ग्दान्स्कच्या भिंतीवर भेटला, म्हणून ते दालन काढल्यावर मलाही घरचं माणूस हुसकल्यासारखं झालं. तरी मी म्हणते, कोल्बेंची हकिकतही पुरी लावा. त्यांनी सुरू केलेल्या छापखान्यातून युद्धापूर्वी ज्यूंविरुद्ध मजकूर छापला गेला. युद्धात त्यांच्याच मठानं ज्यू निर्वासितांना आसरा दिला. दोन्ही एकाच भिंतीवर हवं. एका पक्षाचं सरकार आलं की संत, दुसऱ्याचं आलं की कोरी भिंत, अशानं ना संत उरतो ना इतिहास.

उल्मांचंही तसंच. मार्कोवा गावच्या या शेतकरी नवराबायकोला, पोटातल्या बाळासकट सगळ्या मुलांना, २४ मार्च १९४४ ला जर्मनांनी मारलं, कारण त्यांनी आठ ज्यूंना घरात लपवलं होतं. १० सप्टेंबर २०२३ ला चर्चनं सबंध कुटुंबाला धन्य घोषित केलं. मी टीव्हीसमोर रडले. पण १० जुलै १९४१ ला यद्वाब्ने गावात ज्यू शेजाऱ्यांना कोठारात कोंडून जाळणारे हात पोलिश होते, आणि ते रविवारी मिस्सेला जाणारे होते. २००१ साली तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी, क्वाश्न्येव्स्कींनी, तिथं उभं राहून माफी मागितली. २०१८ साली मात्र कायदा झाला की नाझींच्या गुन्ह्यांत पोलिश राष्ट्राला सहभागी म्हणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. जगभर ओरड झाली तेव्हा काही महिन्यांत कैदेची तरतूद मागं घेतली. उल्मा आणि यद्वाब्ने ही एकाच देशाची, एकाच धर्माची, एकाच युद्धातली माणसं. एकाला पुढं करून दुसऱ्याला झाकायचं, हे मी इथं पाहिलं म्हणून मला वसईच्या घंटांबद्दल बोलायचा धीर आला.

माझ्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. जहाजबांधणीच्या यार्डात वेल्डर होते. ऑगस्ट १९८० च्या संपात यार्डाच्या फाटकावर पोपचा फोटो आणि फुलं लावणाऱ्यांत ते होते. १७ ऑगस्टला फाटकाआत मिस्सा झाली, ती त्यांनी गुडघ्यांवर ऐकली. कामगारांच्या मागण्यांत एक होती की रविवारची मिस्सा रेडिओवर लागावी. करार झाला आणि सप्टेंबरपासून ती लागू लागली. आजोबा सांगतात, ‘आजारी आई रेडिओला हात लावून बसायची.’ सत्ता हातात नसलेला धर्म माणसाच्या पाठीशी कसा उभा राहतो, ते मला या घरात कळलं. फादर येझी पोपिएउश्को यांनी त्याच श्रद्धेपायी ऑक्टोबर १९८४ मध्ये गुप्त पोलिसांच्या हातून मरण घेतलं.

पण यार्डात ती मिस्सा ज्यांनी केली ते फादर हेन्रिक यान्कोव्स्की पुढं प्रवचनांतून ज्यूंविरुद्ध गरळ ओकू लागले. त्यांच्या मृत्यूनंतर, २०१८ च्या डिसेंबरात, त्यांच्यावर मुलांच्या लैंगिक छळाचे आरोप छापून आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये एका रात्री काही माणसांनी दोर लावून त्यांचा पुतळा पाडला. पुन्हा उभारला गेला, मार्चमध्ये कायमचा हलला. आजोबा त्या दिवसांत जिन्यात भेटले तर मान खाली घालून जात. त्यांच्या तरुणपणीची ती सकाळ खोटी नव्हती. आणि ती मुलंही खोटी नव्हती.

चर्चकडं सत्तेची किल्ली आल्यावर काय झालं, तेही मी पाहिलं. २२ ऑक्टोबर २०२० ला इथल्या घटना न्यायाधिकरणानं गर्भात गंभीर दोष असेल तरी गर्भपात घटनाबाह्य ठरवला. लाखो बायका रस्त्यावर आल्या, काही मिस्सा चालू असताना चर्चमध्ये शिरल्या. गर्भाच्या जिवाबद्दल माझी श्रद्धा चर्चचीच आहे, मी ती लपवत नाही. पण माझ्या ऑफिसातली मैत्रीण, माझ्याच पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चमध्ये, बाप्तिस्मा झालेली, त्या आठवड्यानंतर कधी आली नाही. ती म्हणाली, ‘फादरनी मला समजावलं असतं तर मी ऐकलं असतं. त्यांनी पोलीस पाठवला.’ २०११ च्या जनगणनेत या देशात ८७.६ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक लिहिलं होतं, २०२१ मध्ये ७१.३ टक्के. दहा वर्षांत इतकी माणसं कुठल्या शत्रूनं नेली नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ही माझीच माणसं आहेत.

म्हणून ठाण्यातून जेव्हा ऐकते की राजकारणात आपला धर्म ‘दिसला’ पाहिजे, आपण एकगठ्ठा मत दिलं पाहिजे, युरोपात चर्चचा कसा दरारा आहे, तेव्हा मला हात जोडून सांगावंसं वाटतं की तो दरारा मी रिकाम्या बाकांवर बसून पाहते आहे.

याचा अर्थ श्रद्धा घरात कोंडून ठेवावी असा नाही. पोलंडच्या १९९७ च्या घटनेची उद्देशिका मला फार आवडते. तिच्यात सत्य, न्याय, चांगुलपणा आणि सौंदर्य यांचा उगम देवात मानणारे आणि तीच मूल्यं दुसऱ्या उगमातून घेणारे, दोघं एका वाक्यात शेजारी बसवले आहेत. आपल्या घटना समितीत १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामथांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावानं’ करावी अशी सूचना आणली होती. ४१ विरुद्ध ६८ मतांनी ती पडली. पण पदाची शपथ मात्र ईश्वरसाक्ष घ्यायची की गांभीर्यपूर्वक दृढकथन करायचं, हे घटनेनं ज्याच्या त्याच्यावर सोडलं. त्याच समितीत फादर जेरोम डिसूझा हे जेझुइट होते. धर्म मानण्याच्या आणि आचरण्याच्या हक्काबरोबर त्याच्या प्रसाराचा हक्कही कलम २५ मध्ये आला, तो हिंदू बहुसंख्य असलेल्या सभागृहानं दिला. चिमाजींच्या तहातलं कलम आणि हे कलम मला एकाच ओळीत दिसतात.

आणि श्रद्धावंत माणूस सार्वजनिक जीवनात कसा असावा, याला मला युरोपात शोधायची गरज नाही. काका बाप्टिस्टा आमचे ईस्ट इंडियन, मूळ घर उत्तनचं. टिळकांचे मित्र, त्यांचे वकील, १९१६ साली टिळकांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, पुढं मुंबईचे महापौर. त्यांनी क्रूस लपवला नाही आणि पुढंही केला नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईत हरित वसईसाठी लढले, बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका धर्मगुरूला ते पद कशाला, म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. पाठीच्या दुखण्यानं बेजार असताना ते गेले आणि बोलले. जुलै २०२४ मध्ये ते वारले तेव्हा मी इथं मेणबत्ती लावली. पोलिश शेजारणीनं विचारलं, कोण होते? मी म्हटलं, माझ्या भाषेचे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जबरदस्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा कसा करावा, ज्याला ‘लव्ह जिहाद’ म्हणतात त्याचं काय करावं, हे ठरवायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आमच्या वाडीत भीती आहे, ती खरी आहे. प्रार्थनेला जमलेल्या चार बायकांवर संशय येईल, ही भीती मलाही आहे, आणि दुसऱ्याच्या श्रद्धेची चौकशी पोलिसानं करावी याला माझा विरोध आहे. पण आमच्यातले काही जण उत्तर देतात की आपल्या इतिहासात जबरदस्ती कधी झालीच नाही. हे खोटं आहे, आणि खोट्यावर हक्क मागता येत नाही. सोळाव्या शतकात झाली असं आधी म्हणूया. त्या राज्याशी आपला संबंध पावणेतीनशे वर्षांपूर्वी तुटला, आणि इतक्या वर्षांनी आपण एक टक्काही नाही, हे मग सांगूया. ऐकणारा तेव्हा ऐकेल.

अर्धी हकिकत सांगण्याचा दोष माझ्याकडूनही घडला आहे. तो इथं लिहिल्याशिवाय बाकीचं लिहायचा मला अधिकार नाही.

आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आजोबांनी विचारलं होतं, ‘तुमच्याकडं ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी नेला ना?’ मला लागलं. मी अभिमानानं सांगितलं की पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी, एप्रिल १३२१ मध्ये, माझ्या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू धर्मासाठी मारले गेले: तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे डेमेट्रियस. त्यांचा सोबती जॉर्डन यानं त्यांना सोपाऱ्याला पुरलं. पुढं ओडोरिक नावाचा साधू त्यांच्या अस्थी थेट चीनला घेऊन गेला. काझीपुढं वाद झाला, त्यांनी महंमद पैगंबरांबद्दल आपलं मत सांगितलं, आणि मारले गेले. आजोबांनी टोपी काढली.

काही वर्षांनी पॅरिशच्या सभागृहात निर्वासितांना जागा द्यायची का यावर बैठक होती. एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, मुसलमान कसे असतात ते भारतातल्या ठाण्याला विचारा, आणि माझ्याकडं बोट केलं. आजोबांनी ती गोष्ट कौतुकानं सगळ्यांना सांगितली होती. सगळे माझ्याकडं वळले. मी उठून उरलेली हकिकत सांगायला हवी होती. मी बसून राहिले. परकी होते, सगळे मान डोलवत होते, आणि पहिल्यांदाच त्या खोलीत मी त्यांच्यातली झाले होते. ते मला सोडवेना.

भाच्याचा अर्ज आला त्या आठवड्यात मला ती बैठक आठवली. मी आजोबांकडं गेले. चहा झाला. मी म्हटलं, त्या गोष्टीचा मी अर्धाच भाग सांगितला होता. ओडोरिकनंच लिहून ठेवलं आहे की ठाण्याच्या मुसलमान अधिकाऱ्यानं सुरुवातीला त्या साधूंना सोडून दिलं होतं, खाडीपलीकडच्या वस्तीत पाठवलं होतं. काझीनं त्याचे कान भरले तेव्हा रात्री मारेकरी गेले. आणि हे दिल्लीच्या सुलतानाला कळलं तेव्हा त्यानं त्या अधिकाऱ्याला निरपराध माणसं मारली म्हणून देहान्त दिला. सुलतानही मुसलमानच. आजोबा बराच वेळ गप्प होते. त्यांची आई १९४३ साली व्होल्हिनियातल्या कत्तलीतून वाचलेली, युक्रेनी शेजाऱ्यांनी केलेल्या. ते म्हणाले, ‘आईला लपवलं तीही युक्रेनी बाई होती. हे आई घरात सांगायची, बाहेर नाही.’

भाच्याला मी आता एवढंच लिहिलं आहे. घंटा जिथं आहेत तिथं राहू दे. पावणेतीनशे वर्षं त्या देवळांत वाजल्या आहेत, त्यांच्यावर आता नाशिककरांचा आणि मेणवलीकरांचाही जीव जडला आहे. अर्ज करायचाच तर असा कर: प्रत्येक घंटेजवळ मराठीत एक पाटी लागावी. ही कधी ओतली, कोणत्या युद्धात आली, तिच्या आवाजावर कोण प्रार्थनेला जायचं, त्या राज्यात कुणाची देवळं पडली होती, आणि जिंकणाऱ्यानं तहात हरलेल्यांच्या धर्माबद्दल काय लिहून दिलं. तशीच एक पाटी आपल्या तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या आवारातही, इन्क्विझिशनच्या उल्लेखासकट. या अर्जावर माझी सही पहिली. वर्गमित्रालाही तोच मसुदा पाठवला आहे. त्यानं विचारलं, ‘गंगाजी नाईकांचं नाव येणार ना?’ मी म्हटलं, पहिल्या दोन ओळींत. डिसेंबरात मी येते आहे, तेव्हा तिघं मिळून मेणवलीला जायचं ठरलं आहे.

त्या दिवशी मी उठून दारापर्यंत गेले तेव्हा आजोबांनी हाक मारली. ते अजून १३२१ सालच्या ठाण्यातच होते. त्यांना सुरुवात आठवत होती, जी मी दोन्ही वेळा घाईघाईनं उरकली होती: साधू ज्या घरी उतरले होते त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं, नवऱ्यानं बायकोला मारलं, ती सकाळी काझीकडं दाद मागायला गेली, साक्षीदार कोण म्हणून विचारल्यावर तिनं घरातल्या पाहुण्या साधूंचं नाव सांगितलं, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

‘तिला न्याय मिळाला का?’ त्यांनी विचारलं.